बटणचं हसू

कुत्रा हसतो असं पहिल्यांदा ज्या कुणी ठरवलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. त्याला आमच्या दुकानाच्या काचेसमोर उभा करून मी विचारीन, बाबा रे, यातलं हसू कुठलं ते दाखव. काचेत सगळी पोरंच पोरं आहेत. कुणी टोपलीत, कुणी खुर्चीत, कुणी लाकडी घोड्यावर, आणि प्रत्येकाच्या मांडीवर नाहीतर कुशीत आमचा बटण. पांढरा, कुरळा, मांजराएवढा कुत्रा. ओठ कानापर्यंत ओढलेले, जीभ नाकावर, एक पाय उचललेला. येणारा-जाणारा थांबायचा आणि म्हणायचा, अगंबाई, कसा हसतोय बघ. मीही तेच म्हणायचे, त्यामुळे लोकांना नावं ठेवायचा मला तसा अधिकार नाही. पण ठेवते.

दुकान म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा फोटो स्टुडिओ. फोटो काढणं त्याच्याकडे. कापणं, फ्रेम लावणं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडे. मागे दोन खोल्या आहेत, तिथे आम्ही राहतो, तो, त्याची मुलगी चिमी आणि मी. नवऱ्याचं घर मी कधीच सोडलं, आणि त्यावरून मला कुणी तोंडावर काही बोलत नाही, कारण माझं तोंड सगळ्यांना माहीत आहे. भावाला बाजारात स्माईलशेठ म्हणतात. दिवसभर तो एकच शब्द बोलतो, मग लोक दुसरं काय म्हणणार.

बटणला घरात आणलं माझ्या भावजयीने, चिमी रांगत होती तेव्हा. भावजय आजारी पडली तसा तो तिच्या पलंगाखाली राहायला लागला. ती गेली, पलंग रिकामा झाला, तरी हा खालीच. भावाने शेवटी त्याला उचलला आणि स्टुडिओत नेला. मनात वाईट काही नव्हतं त्याच्या. म्हणाला, "ताई, चार माणसांत राहिला तर विसरेल." त्याच दिवशी एक हट्टी बाळ काही केल्या कॅमेऱ्याकडे बघेना. भावाने बटणला त्याच्या शेजारी बसवलं, आणि फोटो असा उतरला की बाळाची आजी तिथल्या तिथे डोळे पुसायला लागली. झालं. मोबाइल आल्यापासून पासपोर्ट फोटोशिवाय आमच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. आता लोक पोरं घेऊन यायला लागले, आणि दारातूनच विचारायला लागले, कुत्रा आहे ना आज?

सुरुवातीला बटण गुरगुरायचा. लहान पोरं मान आवळायची, डोळ्यांत बोटं घालायची, वर दिव्यांचा उजेड. तो घशातल्या घशात गुरगुरायचा. भावाला ते खपायचं नाही. गिऱ्हाईक पोरगं उचलून चालायला लागलं तर? मागचा पडदा ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळतात, ती नळी त्याच्या हाताशीच असायची. गुरगुरला की नाकावर फटका. चिमी दारात उभी राहून म्हणायची, "बाबा, तो नको म्हणतोय." तर हा म्हणायचा, "नको म्हणायला तो कोण लागून गेलाय." मुकी बिचारी कुणीही हाका, दुसरं काय. काही दिवसांत गुरगुरणं थांबलं. बटण शहाणा झाला असं आम्ही ठरवलं, आणि मी काउंटरवरून गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "चावायचं सोडा हो, साधा गुरगुरतसुद्धा नाही."

कुकर शिट्ट्या करतो म्हणून शिट्टीच काढून ठेवावी, तशातली ही अक्कल.

अशी काही वर्षं गेली. मग एके दिवशी टायरवाल्याची मुलगी आली. टायरवाला म्हणजे चौकात पंक्चरचं दुकान आहे तो, उंचापुरा, कमी बोलणारा. मुलगी त्याची एवढीशी, नवा झगा घातलेली, बटणला बघून हरखून गेलेली. भाऊ कॅमेऱ्यामागून म्हणाला, "घट्ट धर त्याला बाळ, अजून घट्ट. आता स्माईल." आणि पोरांनी इकडे बघावं म्हणून हातात धरलेलं रबरी बदक दाबलं. बदक वाजलं आणि त्याच क्षणी बटण चावला. ना भुंकणं ना गुरगुरणं. पोरीच्या गालावरून रक्त झग्यावर उतरलं. टायरवाल्याने तिला उचललं, एक शब्द बोलला नाही, आणि धावत सुटला. शब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं.

गालाला टाके पडले. बाजारात बोंब झाली. कुणी म्हणे कुत्रा पिसाळला, कुणी म्हणे गोळी घाला. भाऊ दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसला. बटण पलंगाखाली गेला होता. मी त्याला पिशवीत घालून कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. पिसाळलाय की काय ते बघायला, असं भावाला सांगितलं. खरं तर मला त्याला घरातून बाहेर काढायचं होतं, कुणी काही करायच्या आत.

डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं. पिसाळल्याची काही खूण नाही, पण काही दिवस बांधून लक्ष ठेवा, म्हणाल्या. मग विचारलं, "गुरगुरायचा का?"

"छे. ती सवय आम्ही मोडली."

"कशी?"

मी सांगितलं. सांगताना मला ते नेहमीसारखं वाटेना. बाईंनी मागे वळून भिंतीकडे बघितलं. भिंतीवर त्यांच्याच मुलाचा फोटो होता, आमच्याकडेच काढलेला, फ्रेम मीच लावलेली. मुलगा खुर्चीत, मांडीवर बटण. बाई खुर्चीवरून उठल्या, फ्रेम खिळ्यावरून काढली आणि टेबलावर ठेवून बघत बसल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "डोळ्याच्या कोपऱ्यात ही पांढरी कोर दिसतेय? तोंड वळवलंय एकीकडे, पण नजर मुलावरच आहे. भिऊन बघतोय तो. कान मागे चिकटलेत. खोलीत पंखा चालू असणार, तरी धापा टाकतोय. आणि हा पाय. सगळे म्हणतात शेकहँड करतोय. तो विचारतोय की मी जाऊ का."

"आणि जीभ?"

"कुत्रा खाणं नसताना जीभ नाकावर फिरवतो ना, तेव्हा तो म्हणतो, मला त्रास देऊ नका, मी काही करत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "रोज या फोटोखाली बसून मी कुत्री तपासते. मला यात फक्त माझा मुलगाच दिसला."

मला त्यांचा राग आला नाही. आपला तो बाब्या असतोच प्रत्येकाला. पण मला एक वेगळीच गोष्ट आठवली. भाऊ एका बैठकीत ढिगाने फोटो काढतो आणि मग संगणकावर बसून निवडतो. मी शेजारी बसते. ज्यात बटण तोंड मिटून नुसता बसलेला असेल तो फोटो तो पुसून टाकतो. "यात काही मजा नाही ताई, मठ्ठ दिसतोय." ज्यात जीभ बाहेर, पाय वर, डोळे पांढरे, तो ठेवतो. "हा बघ, कसा तिरका बघतोय लबाड." म्हणजे जेवढा तो जास्त घाबरलेला, तेवढा फोटो काचेत पुढे. आम्ही त्याची भीती वेचून वेचून फ्रेममध्ये लावली होती.

बाईंनी मला शेवटी सांगितलं की हा कुत्रा वाईट नाही. शांत खोलीत ठेवा, मुलांपासून लांब, कॅमेऱ्यापासून तर फारच लांब. कुणी उचलायचं नाही. तो आपणहून आला तरच हात लावायचा. "आणि कधी गुरगुरला, तर लगेच लांब व्हा, आणि समजा की बरा होतोय. जगेल तो."

जगेल तो. मी घरी येईपर्यंत तेवढंच मनात घोळवत आले. घरी भावाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, डोळ्यांची कोर, पाय, जीभ, सगळं. तो मान डोलवत होता. "हो ताई." "कळलं ताई." पालथ्या घड्यावर पाणी, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण त्याचा चेहरा असा उतरला होता की मला वाटलं, शिरलं असेल डोक्यात. बटणला आतल्या खोलीत ठेवून मी कडी लावली. चिमी बाहेर खेळत होती. मी टायरवाल्याकडे निघाले.

टायरवाल्याच्या घरी मला कुणी बस म्हटलं नाही, आणि बरोबरच होतं ते. पोरगी आईच्या मांडीवर, अर्धा चेहरा पट्टीत. मी माफी मागितली. माझ्यासारख्या बाईला माफी मागायची सवय नाही, पण मागितली. टायरवाल्याने आपले काळे झालेले हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "ही सारखी विचारतेय, कुत्र्याला मारलं का म्हणून. मी तिला नाही म्हणून सांगितलंय." थोड्या वेळाने म्हणाला, "त्याला पोरांजवळ आणू नका. बाकी माझं काही म्हणणं नाही."

एवढ्यावर सुटलो होतो आम्ही. येताना मी बेकरीतून बटणची बिस्किटं घेतली. वेड्यासारखी भरभर चालत होते, बाजारातल्या कुणाकडे बघितलंही नाही.

शटर पूर्ण खाली होतं आणि त्याच्या फटीतून उजेड येत होता. स्टुडिओतले दिवे चालू असले की तो पांढरा उजेड लगेच ओळखू येतो. मी मागच्या दाराने आत गेले. आतल्या खोलीची कडी काढलेली होती.

भावाने काय केलं होतं ते सांगते, कारण असं फक्त फोटोवालाच करू जाणे. त्याला बटणला वाचवायचं होतं. कुत्रा गरीब आहे हे टायरवाल्याला आणि बाजाराला दाखवायचं होतं. आणि दाखवायचं कसं, तर फोटो काढून. स्वतःच्या पोरीच्या कुशीत हसणारा बटण. तो फोटो काचेत मधोमध लावला की लोकांची तोंडं बंद. त्याने चिमीला केस विंचरून स्टुलावर बसवलं होतं आणि बटणला तिच्या मांडीवर.

मी दारातून बघितलं. बटण धापा टाकत होता, ओठ ओढलेले, जीभ नाकावर. चिमीने त्याला धरलंच नव्हतं. हात दोन्ही बाजूंना लांब ठेवून ती बसली होती. "बाबा, त्याला नकोय," ती म्हणत होती. भाऊ कॅमेऱ्यामागे वाकलेला. "एकच बाळा, एकच. धर त्याला. आईचा कुत्रा आहे ना तो, त्याला वाचवायचंय ना आपल्याला?" आईचं नाव काढल्यावर ती पोर काय करणार. तिने हात वर घेतले आणि त्याला कवटाळलं.

त्याच वेळी बटणचं धापा टाकणं थांबलं. तोंड मिटलं. सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं, शेपटीचं टोकसुद्धा हलेना. बाईंकडे नुकतंच शिकलेलं सगळं त्या क्षणी उपयोगी पडलं, हा आता चावणार हे मला कळलं, आणि काही उपयोग झाला नाही. मी हळूच म्हणाले, "चिमे, हात सोड." भावाने तेवढ्यात बदक दाबलं.

चिमीचा वरचा ओठ फाटला, आणि डोळ्याखाली एक दात खोल गेला. डोळा वाचला. इतकंच चांगलं सांगण्यासारखं आहे. भाऊ पोरीला छातीशी धरून खाली बसला होता आणि "तो हसतोय असा काढत होतो मी" असं काहीतरी बोलत होता, ज्याला काही अर्थ नव्हता. बटण स्टुलाखाली थरथरत होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. पोर आधी.

दवाखान्यात टाके घालून झाल्यावर चिमीला बोलता येत नव्हतं, तरी ती बोलली. बापाचा हात धरून म्हणाली, "बाबा, त्याने सांगितलं होतं." भावाने मान खाली घातली ती वर केली नाही.

त्यानंतर वाद घालायला काही उरलं नाही. दोन पोरांना चावलेला कुत्रा, आणि घरात तीच पोर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी ठेवला असता, पण माझ्याही घरात मुलगा आहे. त्यांनी ओळखीत विचारून बघितलं. कोण घेतो? मी एक विचार केला, तोही सांगते. दुसरीकडे एखादी खोली घ्यावी आणि बटणला घेऊन राहावं. मला काय, भांडी दोन आणि कपडे चार. पण रात्री उठून चिमी कुणाला हाक मारणार? आई गेली, आता आत्या कुत्र्यासाठी गेली. मला बटण हवा होता. चिमी जास्त हवी होती. इतकं सरळ आहे हे, आणि याच्याइतकं वाईट मला आजवर काही वाटलेलं नाही.

मग एका सकाळी आम्ही दोघं भावंडं त्याला बाईंकडे शेवटच्या सुईसाठी घेऊन गेलो. बाईंच्या मदतनिसाने त्याला उचलून पत्र्याच्या टेबलावर ठेवायला हात पुढे केले, आणि बटणने लगेच पाय उचलला, जीभ नाकावर नेली. मदतनीस म्हणाला, "अरे, शेकहँड करतोय."

"टेबल नको," मी म्हणाले. "खाली जमिनीवर. आणि सगळे तोंड फिरवून बसा. त्याच्याकडे कुणी बघायचं नाही."

मी फरशीवर बसले. भावाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. आयुष्यभर डोळे बारीक करून लोकांकडे बघणारा माणूस, तो मुकाट भिंतीच्या रंगाकडे बघत बसला. बाई खाली बसल्या, त्याही पाठमोऱ्या. मदतनीस बाहेर गेला.

बराच वेळ बटण कोपऱ्यात होता. मग त्याने आंघोळीनंतर झटकतो तसं सगळं अंग झटकलं. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. हुंगत हुंगत तो माझ्याकडे आला, माझी साडी हुंगली आणि पुढे गेला. भावाच्या मागे जाऊन उभा राहिला. ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याच्या मागे. मग आडवा झाला आणि हनुवटी भावाच्या बुटावर ठेवली.

भाऊ हलला नाही. भिंतीकडे बघतच त्याने विचारलं, "ताई, काय करतोय तो?"

"काही नाही. पडलाय."

"तोंड?"

"मिटलेलं आहे. डोळे अर्धे मिटलेत. कान लोंबतायत. अगदी मठ्ठ दिसतोय."

"म्हणजे बरा आहे?"

"हो. बरा आहे."

भावाचे खांदे हलायला लागले, पण पाय त्याने हलू दिला नाही. "असा फोटो मी पुसून टाकला असता," तो म्हणाला.

बाई हळूच सरकत आल्या. त्यांनी सुईआधी त्याच्या मागच्या पायाला नुसता हात लावला. आणि बटण गुरगुरला. बारीक, घशातल्या घशात, जुन्या पंख्यासारखा. इतक्या वर्षांनी तो आवाज मी ऐकला. भावाचा हात सवयीने वर गेला, मी तो जाताना बघितला, आणि मग तो हात त्याने स्वतःच खाली आणून फरशीवर दाबून ठेवला. "ऐकलं रे," तो म्हणाला. "ऐकलं मी." बाईंनी आपला हात काढून घेतला. आम्ही सगळे थांबलो. गुरगुरणं थांबेपर्यंत थांबलो, त्याने पुन्हा हनुवटी बुटावर टेकवेपर्यंत थांबलो. मग बाईंनी पुन्हा हात पुढे केला. या वेळी त्याने आवाज काढला नाही.

घरी चिमी शेजारच्या काकूंजवळ बसलेली होती. काकू गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. फाटलेल्या ओठातून तिचे शब्द अर्धेच बाहेर यायचे.

"तो घाबरला होता का, आत्या?"

"नाही. बाबांच्या बुटावर डोकं ठेवून झोपला होता."

"काही म्हणाला?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी पुष्कळ खोटं बोलले आहे आजवर, गिऱ्हाइकांशी, नवऱ्याशी. पण त्या पोरीला खोटं कळायचं.

"हो. गुरगुरला."

"म्हणजे नको म्हणाला."

"हो."

"मग तुम्ही थांबलात?"

"थांबलो," मी म्हणाले. "थोडा वेळ थांबलो."

चिमी माझ्याकडे बघत राहिली. मग जिभेने टाक्यांवरून ओठ ओला केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचा अर्थ आता मला कळतो. म्हणून मी तिला हात लावला नाही, आणि पलंगाखाली पडलेलं बटणचं अंथरूण उचलायला वाकले.